फील्ड सर्व्हेचे बावीस तास

"हे बावीस तास कुठून आले, पाठक?" साहेबांनी विचारलं.

"मागच्या प्रोजेक्टच्या डेटावरून, साहेब," मी म्हणालो.

मी खोटं बोललो होतो. मागचा प्रोजेक्ट होता आणि त्यात बावीस हा आकडाही होता, त्यामुळे कोणी तपासलं असतं तरी मी सापडलो नसतो. पण ते काम निराळं होतं, आणि हे मला बोलतानाच माहीत होतं. टेबलाच्या पलीकडे ढोलेभाऊ उभे होते. आमच्या फर्ममध्ये अठरा वर्षं जमीन मोजणारा माणूस. त्यांनी साहेबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि मान खाली घातली. माझ्या त्या एका उत्तराने त्यांच्या हातचं काम गेलं. चूक माझी होती. ती कशी झाली आणि कबूल करायला मला इतका वेळ का लागला, ते लिहितो आहे.

आमची फर्म यवतमाळची. जमिनीची मोजणी, नकाशे, बांधकामाचे अंदाज, अशी कामं. मालक गावंडेसाहेब, स्वतः सिव्हिल इंजिनीअर. मी ऑफिस मॅनेजर. आमच्या घरात तीन पिढ्या टेबलाशी बसून नोकरी केलेली. मी कधी उन्हात काम केलं नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढच्या चुकीत त्याचा वाटा आहे.

पूर्वी आमची बिलं दिवसांवर असायची. सर्व्हेअर किती दिवस साइटवर होता, ड्रॉइंग करायला किती दिवस लागले, त्याला दर लावायचा आणि बिल पाठवायचं. मग कापसाची ती वाईट वर्षं आली. बाजार थंड पडला. जिनिंगवाल्यांनी नवीन शेड बांधणं थांबवलं, प्लॉट पाडणाऱ्यांनी कामं पुढे ढकलली. त्याच वेळी जिल्ह्यात पाणी अडवायच्या योजना येऊ लागल्या. शेततळी, नाल्यावरचे बांध. नागपूरच्या एका संस्थेने आम्हाला चाळीस गावांचा सर्व्हे देऊ केला. अट एकच. प्रत्येक गावाला ठरावीक फी. दोन दिवस लागोत की दहा, एक रुपया जास्त मिळणार नाही.

याला फिक्स्ड फी म्हणतात. शिंपी शर्ट शिवायचे ठरलेले पैसे घेतो, तसं. त्याने एका दुपारी शिवला की तीन दिवस उसवत बसला, तुम्हाला त्याचं देणंघेणं नाही.

साहेबांनी त्याच सुमारास पुण्याहून एक प्रोजेक्ट मॅनेजमेंट सॉफ्टवेअर आणलं होतं. सीडी, जाडजूड मॅन्युअल आणि फोनवर मदत करणारा एक कंटाळलेला आवाज. ते बसवणं आणि चालवणं माझ्याकडे आलं. मला ते काम फार आवडलं. चाळिशीत पहिल्यांदा ऑफिसमध्ये मला काहीतरी येत होतं जे साहेबांना येत नव्हतं.

फिक्स्ड फी लावायची पद्धत सोपी होती. नवीन प्रोजेक्ट उघडायचा. बिलिंगचा प्रकार निवडायचा. मग कामाचे टप्पे पाडायचे, त्यांना स्टेज म्हणतात, आणि कोणत्या स्टेजला फीचा किती हिस्सा ते लिहायचं. आम्ही चार स्टेज केल्या. काम सुरू, फील्ड सर्व्हे, ड्रॉइंग, आणि शेवटी जमिनीवर आखणी करून गावकऱ्यांची मान्यता. स्टेज पूर्ण झाली की तिथे टिक करायची. तेवढ्या हिश्श्याचं बिल आपोआप तयार.

प्रत्येक स्टेजसमोर आणखी एक चौकोन होता. बजेट अवर्स. म्हणजे या टप्प्याला किती तास लागावेत असा आपला अंदाज. मी मदतीच्या नंबरवर फोन करून विचारलं, की हा भरलाच पाहिजे का?

"ऑप्शनल आहे सर. बिलावर काही परिणाम नाही."

परिणाम नाही तर सोडून द्यायचा. पण फॉर्ममधला रिकामा चौकोन माझ्याच्याने बघवत नाही. आमच्या वडिलांचंही तसंच होतं, अर्जात जिथे काही लिहायचं नसेल तिथे ते आडवी रेघ मारत. शिकताना मी एक जुनं काम सॉफ्टवेअरमध्ये भरून पाहिलं होतं, त्याचंच टेम्प्लेट घेतलं. टेम्प्लेट म्हणजे एकदा भरलेला साचा, त्याची नक्कल काढून नव्या कामाला वापरायची. ते टेम्प्लेट होतं राजूरचं. खाणीच्या एका कंत्राटदाराच्या मोकळ्या जागेचा आम्ही सर्व्हे केला होता. एकच मालक, चहूबाजूंनी कुंपण, जीप कुठेही जाते. ढोलेभाऊंनीच तो केला होता, बावीस तासांत. मी 'कॉपी' दाबलं, नाव बदललं, आणि चाळीस गावांच्या फील्ड सर्व्हेसमोर बावीस येऊन बसले.

चारी चौकोन भरलेले. छान दिसत होतं.

ढोलेभाऊ पांढरकवड्याकडचे. गावाला कापूस आणि तुरीचं वावर, ते भाऊ बघायचा. हे पगारावर. त्या वर्षांत वावरातून घरी काही येईलच याचा भरवसा नव्हता, आणि घर त्यांच्या पगारावर चाललं आहे हे ते मला डबा खाताना सांगायचे. तक्रारीच्या सुरात नाही. त्या दिवशी भाजी कोणती आहे हे सांगावं, तसं.

कामाला ते हुशार होते. आम्ही घेतलेलं टोटल स्टेशन, म्हणजे तिपाईवर बसवायचं दुर्बिणीचं यंत्र, जे समोरच्या काठीवरच्या आरशावर किरण टाकून अंतर आणि उंची मोजतं, ते त्यांनी आठवड्यात शिकून घेतलं. त्याला ते 'मशीन' म्हणत. जेवायच्या सुट्टीत मशीनवर स्वतःचा दुपट्टा टाकत.

सॉफ्टवेअर सुरू झाल्यावर प्रत्येकाने रोज टाइमशीट भरायची होती. आज कुठल्या प्रोजेक्टला किती तास. दर सोमवारी मी त्याचा रिपोर्ट काढायचो. बजेटच्या आत असाल तर तुमच्या नावापुढे हिरवी पट्टी. बाहेर गेलात की लाल.

पहिल्या सोमवारी ढोलेभाऊंची पट्टी लाल होती. बावीसच्या जागी एकावन्न तास. दुसऱ्या गावाला अठ्ठेचाळीस. तिसऱ्याला पंचावन्न. ड्रॉइंगवाले सगळे हिरवे, कारण ड्रॉइंग राजूरचं काय आणि गावाचं काय, साधारण तेवढंच असतं. कागदावर लाल असा एकच माणूस होता. साहेबांनी कलर प्रिंटर नवीनच घेतला होता.

पाचव्या सोमवारी त्यांनी ढोलेभाऊंना केबिनमध्ये बोलावलं. मला रिपोर्ट घेऊन यायला सांगितलं.

"ढोले, एका गावाले पन्नास पन्नास तास? काय करून राह्यले तुम्ही तिथं?"

"मोजून राह्यलो साहेब."

"मोजाले इतका वेळ?"

"मोजाले नाही लागत. धुरा चालाले लागते."

धुरा म्हणजे दोन वावरांमधली हद्द. कुठे मातीचा उंचवटा, कुठे नुसती गवताची पट्टी, कुठे चार बाभळी. ढोलेभाऊंची पद्धत अशी होती, की मशीन लावायच्या आधी धुऱ्याच्या दोन्हीकडच्या शेजाऱ्यांना बोलवायचं. दोघांना सोबत घेऊन तो धुरा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचा. जिथे दोघं 'हो' म्हणतील तिथे दगड. मग फील्डबुकात, म्हणजे मोजणीच्या वहीत, त्या पानावर दोघांची सही नाहीतर अंगठा. मगच मशीन.

"नकाशा आहे नं आपल्याकडे," साहेब म्हणाले. "सरकारी नकाशा."

"नकाशा जुना आहे साहेब. नाला सरकला की धुरा सरकते. कागदाले थे कोन सांगते?"

"अन् शेजारी मिळाला नाही तर?"

"तर थांबा लागते. एखादा पांढरकवड्याले बाजाराले गेलेला रायते. एखाद्याची बोलचाल बंद रायते. त्याले समजवा लागते. चहा घ्या लागते." ढोलेभाऊ जरा हसले. "दोन घरी चहा घ्या लागते साहेब. एकाच घरी घेतला तं दुसरा म्हणते, हा त्याचा मानूस होये."

साहेबही हसले असते. पण टेबलावर लाल पट्टी होती.

"चहाचे तास आपल्याले कोणी देत नाही ढोले. फी फिक्स आहे." मग ते माझ्याकडे वळले आणि त्यांनी तो प्रश्न विचारला. हे बावीस तास कुठून आले, पाठक?

त्यांनी खरोखर विचारलं होतं. ते त्या आकड्याबद्दल साशंक होते, हे मला त्यांच्या आवाजावरून कळलं. मी एवढंच म्हणायचं होतं, साहेब, हा राजूरचा आकडा आहे, मी नुसता कॉपी केला. पाच सेकंदांचं वाक्य. पण मग महिनाभर मी सादर केलेले सगळे रंगीत रिपोर्ट पोकळ ठरले असते. मला सॉफ्टवेअर येतं असं ऑफिसला वाटत होतं. ते वाटणं मला मोडायचं नव्हतं.

"मागच्या प्रोजेक्टच्या डेटावरून."

डेटा हा शब्द तेव्हा नवा होता. त्याच्यापुढे कोणी काही बोलत नसे.

साहेबांनी त्यांना काढलं नाही. दिवाळीनंतर फील्डचं काम नागपूरच्या एका सर्व्हे एजन्सीला दिलं आणि ढोलेभाऊंना स्टोअर सांभाळायला सांगितलं. मशीनं, टेप, काठ्या, त्यांची नोंद. पगार तोच. साहेबांना वाटलं आपण चांगलं वागतो आहोत. ढोलेभाऊंनी दोन आठवडे ते केलं. मग एका सकाळी ते फील्डबुकांचा गठ्ठा घेऊन माझ्या टेबलाशी आले.

"हे घ्या पाठकबाबू. एकतीस वह्या आहेत. मोजून घ्या."

"अहो भाऊ, राहू द्या नं स्टोअरलाच."

"स्टोअर आता कोनी दुसरा पाहीन. मी चाललो."

"काहून?" मी विचारलं. 'का'च्या जागी हा इकडचा शब्द माझ्या तोंडून क्वचित येतो.

"मशीन पेटीत पाहाले नाही जमत मले." मग म्हणाले, "अन् तुमच्या त्या कागदात मी हळू झालो म्हनते. असीन बावा. वय झालं."

त्यांचं वय तेव्हा त्रेपन्न होतं. मी वह्या मोजून घेतल्या आणि पोच लिहून दिली. माझी सही, तारीख, सगळं व्यवस्थित. तेव्हाही मी सांगू शकलो असतो.

एजन्सीची माणसं झपाट्याची होती. सकाळी यायची, मशीन लावायची, जुन्या नकाशावरून हद्दी उचलायची, संध्याकाळी नागपूर. अठरा तास, वीस तास, एकवीस तास. सोमवारचा कागद वरपासून खालपर्यंत हिरवा. साहेब खूश. बिलं वेळेवर. त्या बिलांमध्ये शेवटपर्यंत कधी एका पैशाची चूक निघाली नाही, हेही सांगायला हवं. मी फिक्स्ड फी अगदी बिनचूक लावली होती.

उन्हाळ्यात खोदकाम सुरू झालं. एप्रिलमध्ये संस्थेचा फोन आला. पांढरकवडा तालुक्यातल्या एका गावात काम बंद पडलं होतं. जेसीबीसमोर माणसं बसली होती.

साहेब आणि मी जीपने गेलो. पळसाची फुलं सरून नवी पानं फुटायचे दिवस. नाल्याच्या काठी जेसीबी उभा, त्याचा ड्रायव्हर सावलीत झोपलेला, आणि खोदायच्या जागेवर चुन्याच्या रेघेच्या मधोमध एक बाई बसलेल्या. सुमनबाई नाव. पन्नाशीच्या. त्यांच्या शेजारी, दोन हात अंतर ठेवून, शेजारच्या वावराचे मालक महादेवराव. दोघांचं भांडण असेल असं आम्हाला वाटलं होतं. ती दोघं एका बाजूला होती आणि आम्ही दुसऱ्या.

"बाई, तळं तुमच्याच फायद्याचं आहे," साहेबांनी सुरुवात केली.

"तळं पाहिजेच आहे. पन हे कोनाच्या वावरात खोदून राह्यले?"

"नकाशाप्रमाणे तुमच्याच."

"नकाशा घेऊन इकडं या. पाहा. हे पट्टी यायची होये." त्यांनी महादेवरावांकडे बोट केलं. "नाला फिरला तवा माह्या सासऱ्यानं इकडची पट्टी यायले देली, अन् वरची यायनं आमाले देली. तीस वर्सं झाले. या पट्टीत यायची इहीर आहे. तुमी इहिरीच्या बाजूनं तळं मारून राह्यले."

"कागदावर काही केलं नाही?"

"कायले कराचं? शेजारी होय नं तो." मग महादेवरावांकडे न बघता म्हणाल्या, "डोकशाचा तिरपट आहे, पन शेजारी होय."

महादेवराव जमिनीकडे बघत हसले.

साहेबांनी विचारलं, "मोजणीवाले आले तेव्हा तुम्ही का नाही सांगितलं?"

"कोनाले सांगाचं? आमी येचाले गेलतो कापूस. आलो तं खुंट्या गाडलेल्या. मानसं पाहले बी नाही आमी." मग त्यांनी विचारलं, "पलीकडच्या गावात ते ढोलेभाऊ आलते म्हनते. आमच्या गावाले काहून नाही आले?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मीही त्यांच्याकडे पाहू शकलो नाही.

शेवटची स्टेज, गावकऱ्यांची मान्यता, अशा सहा गावांत अडकली होती. हे नंतर कळलं. सुमनबाईंचं गाव पहिलं एवढंच. यवतमाळला परतल्यावर मी कपाटातून ढोलेभाऊंच्या वह्या काढल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून वाचत बसलो. इतके महिने त्या माझ्या पाठीमागे, हाताच्या अंतरावर होत्या. वहीत डावीकडे मशीनचे आकडे, उजवीकडे पेन्सिलीने काढलेला धुरा. 'इथे मोठी बाभूळ.' 'विहीर, दोघांची.' 'बाबाराव येत नाही, उद्या परत.' 'बाबाराव आला.' खाली दोन सह्या. पुढच्या पानावर दोन अंगठे. पान उलटलं की पुन्हा दोन. त्यांनी केलेल्या अकरा गावांपैकी एकाही गावात खोदकाम थांबलं नव्हतं.

वह्यांतल्या वेळांवरून मी त्या अकरा गावांचे तास मांडून पाहिले. मशीनचं काम वीस ते तेवीस तासांचंच होतं. राजूरइतकंच. बाकीचे तास धुऱ्यावर गेले होते. म्हणजे ढोलेभाऊ मोजणीत तसूभरही हळू नव्हते. जे काम चौकोनात धरलेलंच नव्हतं, ते करत होते.

मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. दार लावून घेतलं.

"साहेब, ते बावीस तास राजूरचे होते."

"कोणते बावीस?"

"बजेट अवर्स. मी राजूरचं टेम्प्लेट कॉपी केलं. गावाला किती तास लागतील याचा मी विचारच केला नव्हता. चौकोन रिकामा होता म्हणून भरला. तुम्ही विचारलंत तेव्हा डेटा म्हणालो."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. बाहेर कोणीतरी प्रिंटर चालवत होतं.

"मी विचारलं होतं तुम्हाला," ते म्हणाले.

"हो."

"ढोले समोर उभा होता."

"हो साहेब."

"आणि तुम्हाला तेव्हा माहीत होतं."

"माहीत होतं."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "अठरा वर्षं तो माणूस ओळखतो मी. तरी कागद पाहिला. तुमच्या एकट्यावर कशी टाकू ही गोष्ट?" मग त्यांनी फोन उचलला.

ढोलेभाऊ तेव्हा पांढरकवड्याला हायवेवरच्या एका धरमकाट्यावर होते. ट्रक येतो, काट्यावर चढतो, वजन लिहून पावती द्यायची. साहेब फोनवर अडलेल्या कामाबद्दलच बोलले; बावीस तासांचं सांगणं त्यांनी माझ्यावर सोडलं. ढोलेभाऊ सुट्टी काढून सुमनबाईंच्या गावाला यायला तयार झाले.

तिथे मीही गेलो. टाइमशीटसाठी म्हणून गेलो, असं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा धुरा चाललो. ढोलेभाऊ पुढे, एका बाजूला सुमनबाई, दुसऱ्या बाजूला महादेवराव, मागे मी, बुटात ढेकळं. दर दहा-वीस पावलांवर थांबायचं. 'इथंच नं?' 'इथंच.' 'तुमचं काय म्हननं?' 'थोडा तिकडं घ्या. हां.' दगड. एके ठिकाणी दोघांचं जमेना. अर्धा तास गेला. मी घड्याळ पाहिलं तशी सुमनबाई म्हणाल्या, "या साहेबाले बस पकडाची आहे का?"

"नाही, त्याहिले चौकोन भराचा आहे," ढोलेभाऊ म्हणाले. सहज म्हणाले. त्यांना काहीच माहीत नव्हतं, पण मला ते वाक्य लागलं.

चहा दोन घरी झाला. महादेवरावांच्या घरचा फार गोड होता. ते एकच वावर पुरं व्हायला दीड दिवस लागला. तळं वरच्या अंगाला सरकलं, विहीर वाचली, जेसीबी सुरू झाला. पुढच्या तीन आठवड्यांत बाकीची पाच गावंही सुटली. ढोलेभाऊ सुट्ट्या काढून येत राहिले. साहेबांनी त्यांना परत या म्हटलं. ते म्हणाले, पाहतो.

त्या दिवसांत मी त्यांच्याबरोबर सहाही गावांत फिरलो आणि त्या बावीस तासांबद्दल एकदाही बोललो नाही. कधी साहेब होते, कधी गावकरी होते, कधी नुसतं ऊन होतं. मी कारणं शोधत होतो. त्याऐवजी मी मला येणारी एकच गोष्ट केली. सॉफ्टवेअर उघडलं आणि टेम्प्लेट बदललं. नवीन पाचवी स्टेज घातली, 'धुरा चालणे, दोन्ही शेजारी हजर'. तिला फीचा हिस्सा दिला. संस्थेने तो मान्य केला, कारण अडकलेल्या जेसीबीचं भाडं त्यांनी पाहिलं होतं. बजेट अवर्सचा चौकोन मी रिकामा ठेवला. आजही, अंदाज कुठून आला हे मला स्वतःला सांगता येत नसेल, तर मी तो भरत नाही. सॉफ्टवेअर त्याबद्दल काही म्हणत नाही, हे मॅन्युअलच्या पहिल्याच धड्यात लिहिलेलं होतं.

त्या नव्या टेम्प्लेटची प्रिंट घेऊन मी एका रविवारी एसटीने पांढरकवड्याला गेलो. धरमकाट्याच्या खोलीत ढोलेभाऊ एकटे होते. खिडकीतून समोर ट्रक उभा दिसत होता.

"अरे, पाठकबाबू! बसा, बसा. काय काम काढलं?"

मी कागद पुढे केला. त्यांनी खिशातून चष्मा काढला, पाचवी स्टेज बोटाने वाचली, आणि हसले.

"चहा नाही लिवला."

"नाही लिहिला," मी म्हणालो.

"लिवा. दोन घरी." त्यांनी कागदाची घडी घालून मला परत दिली. ट्रकवाल्याने हॉर्न दिला. त्यांनी वजन लिहिलं, पावती फाडली, खिडकीतून दिली. परत येऊन बसले. मग काचेबाहेर बघत म्हणाले, "एक सांगू? इतके महिने मले वाटे, का माहे पाय गेले. इथं कामाले लागलो तवा घरून काट्यापर्यंत पावलं मोजत येवो. काल किती टाइम लागला, आज किती. बायको म्हने, काय बडबडता रस्त्यानं."

मी पुष्कळ तयारी करून गेलो होतो. राजूर, टेम्प्लेट, मदतीचा नंबर, सगळं क्रमाने सांगायचं ठरवलं होतं. त्यातलं काही आठवलं नाही.

"भाऊ, तुमचे पाय चांगले आहेत," मी म्हणालो. "तो आकडा खोटा होता. तो मी टाकला होता, राजूरच्या कामातून उचलून. साहेबांनी तुमच्यासमोर मला विचारलं तेव्हा मला ते माहीत होतं, आणि मी सांगितलं नाही. तुम्ही वह्या परत केल्यात तेव्हाही सांगितलं नाही. तुम्ही हळू नव्हता. एका दिवशीसुद्धा नव्हता. माझं चुकलं. मला माफ करा."